रेडिओच्या काचेवरचे कुंकू

जुना रेडिओ तापू लागला की त्याला वास सुटतो. आधी धुळीचा, दुपारच्या कोरड्या रस्त्यासारखा. मग पेटीच्या रोगणाचा, किंचित गोडसर. आणि आतल्या काचेच्या नळ्या लालसर उजळल्या की शेवटी कोमट तांब्याचा. आमच्या घरी या वासात आणखी दोन वास मिसळत. एक, पडवीत सावलीला पसरलेल्या चिकूंचा. दुसरा, वारा समुद्रावरून येत असेल तर, सुकत घातलेल्या बोंबलांचा. त्या काळचे रेडिओ कळ फिरवताच बोलू लागत नसत. अर्धे-पाऊण मिनिट ते नुसते तापत राहत आणि आपण त्यांच्या तोंडाकडे पाहत बसायचे. म्हणून हे सगळे वास माझ्या मनात वाट पाहण्याचे वास होऊन राहिले आहेत.

हल्ली नामवंतांच्या घरचे जुने टेलिव्हिजन संच जमवणारी माणसे आहेत, असे ऐकते. ऐकणारे हसतात, मला हसू येत नाही. मी अशाच एका माणसाच्या घरात वाढले. टेलिव्हिजन तेव्हा आमच्या किनाऱ्याला ठाऊक नव्हता. माझे वडील रेडिओ जमवत, आणि तेही ज्यांचे नाव चार लोकांनी ऐकले आहे अशांच्याच घरचे. आमची चिकूची वाडी होती, डहाणू गावातून समुद्राकडे येणारा रस्ता वाळूत विरून जातो तिथे. वडिलांचे हात दिवसभर फळांत असत आणि कान संध्याकाळची वाट पाहत.

पहिला रेडिओ आला तो चिकूच्या करंडीतून. फळे उतरवून, धुऊन, अंगावरची खरखर हाताने चोळून काढून, सावलीत सुकवून आम्ही करंड्या भरत असू आणि त्या स्टेशनावरून मुंबईच्या दलालाकडे रवाना होत. रिकाम्या करंड्या आठवड्याने परत येत. एकदा त्यांतली एक परत आली ती भरलेली. आत पेंढा आणि पेंढ्यात काळपट तपकिरी रंगाची, रुंद कपाळाची एक पेटी. सोबत दलालाची चिठ्ठी: ‘एका मोठ्या न्यायमूर्तींच्या घरचे सामान निघाले. तुम्हास गाण्याची आवड, म्हणून हा घेतला.’

वडिलांनी पेटी मेजावर ठेवली आणि दोन पावले मागे सरले, जणू आता निकाल वाचला जाणार होता. काचेवर शहरांची नावे होती: लंडन, कैरो, रंगून, कोलंबो, मुंबई. काटा कोलंबोवर थांबलेला होता. त्यांनी तो तसाच ठेवून कळ फिरवली. रेडिओ तापला, खाकरला आणि एकदम सिनेमातले एक खट्याळ गाणे घरभर नाचू लागले.

आई पदर तोंडाला लावून हसली. “फाशी सुनावणारा माणूस घरी येऊन हे ऐकायचा?”

“म्हणजे चांगला माणूस होता,” वडील गंभीरपणे म्हणाले.

त्या संध्याकाळी आमच्या घरात एक नियम जन्माला आला. ज्याच्या त्याच्या रेडिओचा काटा त्याने सोडला तिथेच राहील. माणूस जातो, त्याची माणसे सामान विकतात, पण काटा जिथे थांबला तिथे त्याने शेवटचे काहीतरी ऐकलेले असते. ती जागा आपण पुसायची नाही, असे वडिलांचे म्हणणे. घरात आलेल्या नव्या वस्तूला आई हळदकुंकू लावायची तसे तिने त्या पेटीलाही लावले. वडिलांनी आगकाडीचे टोक त्याच कुंकवात बुडवले आणि काचेवर, काट्याच्या अगदी टोकाशी, मोहरीएवढा एक ठिपका ठेवला. दर दसऱ्याला कोयत्यांची आणि चिकू उतरवायच्या जाळीच्या काठ्यांची पूजा झाली की रेडिओंचे ठिपके नव्याने रेखले जात. धूळ झटकायची ती कोंबड्याच्या पिसाने, ठिपका सांभाळून. ओले फडके काचेला लावायचे नाही.

मग एकामागून एक आणखी तीन आले. एक जुन्या मूकपटांतल्या नटीचा होता. त्याच्या गोल खुंटीला नखांच्या लाल रंगाचा ओरखडा होता. तो बोलत नसे. दुरुस्तीवाल्याने आतली नळी गेल्याचे सांगितले, तेव्हा वडील म्हणाले, “राहू दे. तिनेही कुठे तोंड उघडलं होतं?” आणि तो मुकाच राहिला.

पहिलवानाचा रेडिओ आणायला मी वडिलांबरोबर तलासरीला गेले होते. त्या काळी तिकडची बस म्हणजे हाडांची परीक्षा. एक नामांकित पहिलवान उतारवयात आपल्या भावाच्या किराणा दुकानामागे येऊन राहिला होता आणि तिथेच वारला होता. दुकानात तांदळाचा, रॉकेलचा आणि मोहाच्या फुलांचा एकत्र वास होता. गावात वीज नव्हती. रेडिओ विटेएवढ्या बॅटरीवर चाले. एवढ्या थोरल्या देहाच्या माणसाचा रेडिओ आमच्या घरात सगळ्यांत चिमुकला निघाला. काटा लंडनवर होता.

“त्यांना इंग्रजी येत होतं?” वडिलांनी विचारले.

“छे हो!” भाऊ म्हणाला. “म्हातारपणी झोप येईना. म्हणायचे, कळणारी भाषा असली की मन तिच्यामागे पळतं. ही कळत नाही, म्हणून डोळा लागतो.”

परतीच्या वाटेवर वडिलांनी तो रेडिओ मांडीवर असा धरला होता, की कंडक्टरने विचारले, “लेकरू आजारी आहे का?”

आमच्या घराच्या कौलांपासून वाळूच्या कडेच्या सुरूच्या झाडापर्यंत एक लांब तांब्याची तार ताणलेली होती. दूरदेशीचे आवाज तिच्यावर येऊन बसतात, असे मला सांगितले होते. पण मांगेलआळीतली मावशी, जी आम्हाला मासळी घालायची, तिला त्या तारेचा दुसराच उपयोग दिसला. मोसम जोरात होता, तिच्या बांबूंवरच्या दोऱ्या भरून गेल्या होत्या. एके दुपारी रेडिओत नुसती खरखर येऊ लागली म्हणून वडील मला घेऊन बाहेर आले, तो सबंध तार बोंबलांनी लवलेली. जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने टांगलेले बोंबील उन्हात चांदीसारखे लकाकत होते.

“मावशी!” वडील ओरडले. “माझ्या तारेवर बोंबील?”

मावशी जागची हलली नाही. तिने खवल्यांनी चमकणारा हात सरळ माझ्या डोक्यावर ठेवला. “या पोरीची शपथ, भाऊ! एक पण बोंबील मी घातला नाय तुझ्या तारेवर.”

तिच्या मागे वाऱ्याने शंभर बोंबील हलत होते. वडील हसत सुटले. मी मात्र भोकाड पसरले. खोटी शपथ ज्याच्या डोक्यावर घ्यावी तो झुरत जातो, हे आमच्या शाळेत पहिलीतल्या पोरांनाही ठाऊक होते. त्यावर उतारा एकच. ज्याने शपथ घेतली त्यानेच ‘सुटली’ म्हणायचे. दुसऱ्या कुणी हजारदा म्हणून उपयोग नाही.

“अगो, रडते कशाला!” मावशीने मला पोटाशी धरले. “सुटली, सुटली, सुटली! तीनदा सुटली, बस? आणि भाऊ, तुझ्या तारेवर गाणी ऐकून बोंबील लवकर वाळतात हां. मी बघितलंय.”

दर वर्षी रेडिओच्या परवान्यासाठी वडील डहाणूच्या पोस्टात जात, तेव्हा तिथले साहेब चष्म्यावरून पाहत. “घर एक, कान दोन आणि रेडिओ चार?” वडील ओशाळे होऊन हसत. आमच्या वाडीतल्या या चार पाहुण्यांची कीर्ती कोसबाडच्या टेकडीपर्यंत गेली होती. तिथून शेतीचे शिक्षक चिकूची कलमे पाहायला म्हणून येत आणि न्यायमूर्तींचे गाणे ऐकून जात.

चौथा रेडिओ सर्वांत लाडका. तो एका गायिकाबाईंचा होता. त्यांचे नाव मी लिहीत नाही. त्यांच्या आवाजावर प्रेम केलेल्या माणसांना ते सांगावे लागणार नाही. वडिलांनी तरुणपणी मुंबईत त्यांचे गाणे एकदाच समोर ऐकले होते, आणि तेही मांडवाबाहेर रस्त्यावर उभे राहून. कनातीला एक फट होती आणि तिच्यातून त्यांना फक्त तंबोऱ्याचा भोपळा आणि त्यावर टेकलेला एक हात दिसत होता. पुढे बाईंना गळ्याचे दुखणे झाले, गाणे थांबले, त्यांनी मोठे घर सोडले आणि सामान विकले. दलालाने रेडिओ पाठवला त्या दिवशी वडिलांनी पेंढ्याची काडीन् काडी स्वतः वेचली. आईने त्याच्यासाठी पांढऱ्या कापडावर मोर भरून आच्छादन शिवले.

या रेडिओचा काटा कुठल्याच शहरावर नव्हता. रंगून आणि कोलंबो यांच्या मधल्या मोकळ्या जागेत तो थांबला होता आणि तिथे कोणाचाही आवाज लागत नव्हता; फक्त एक संथ सळसळ येई. शिंपल्यांच्या थरावरून लाट मागे सरते तसली. दिवेलागणीनंतर पाच मिनिटे वडील त्या रेडिओपुढे हात जोडून बसत.

“हा तंबोरा आहे,” ते मला सांगत. “गाणं सुरू होण्याआधी मन जिथं नेऊन ठेवतात, ती ही जागा. बाईंनी मुद्दाम इथं काटा ठेवला असणार.”

“अहो, भजी तळल्याचा आवाज आहे तो,” आई आतून म्हणे.

वडील रागावत नसत. त्यांच्या आयुष्यात फार इच्छा नव्हत्या. एक होती: बाईंना कधीतरी भेटावे आणि सांगावे, की तुमचे एवढेसे काही आमच्याकडे आहे आणि आम्ही ते हलू दिलेले नाही.

ते हलत होते. हे फक्त मला माहीत होते.

मी तेव्हा अकरा-बारा वर्षांची असेन. दुपारी वडील वाडीत असत, आई जरा आडवी होई, आणि मी मोरांचे आच्छादन उचलून बाईंच्या रेडिओचा काटा त्या मोकळ्या जागेवरून मुंबईवर आणत असे. बाकीचे रेडिओ माझ्या मनात मोठ्या माणसांचे होते. हा एका बाईंचा, म्हणून थोडा माझा. कान जाळीला लावून मी ऐके. गाणी लागत, कधी कुणी कविता वाचे. शब्द कानाच्या पाळीला कोमट लागत, इतके जवळ. अर्थ कळायच्या आधी शब्दाला वजन असते आणि पोत असतो हे मला तिथे कळले. हा शब्द कापसाचा, हा काथ्याचा, हा ओल्या वाळूचा. कार्यक्रम संपला की मी काटा मागे नेऊन कुंकवाच्या ठिपक्याला अचूक टेकवत असे. ठिपका होता म्हणून मी निर्धास्त होते.

त्या वर्षी थंडीत मावशी मासळीची पाटी उतरवता उतरवता म्हणाली, “शेजारच्या बंगल्यात कोण बाई आलीय मुंबईची, हवा खायाला. गळ्याला शाल गुंडाळून असते. बोंबील खात नाय, पण माझं बोलणं ऐकत बसते. मोठी गाणारी होती म्हणतात.”

वडिलांच्या हातातला चिकू खाली पडला. पिकलेला होता, फुटला.

दुसऱ्या दिवशी ते निवडक फळांची करंडी घेऊन बंगल्यावर गेले आणि परत आले तेव्हा त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. बाई रविवारी चार वाजता चहाला येणार होत्या. रेडिओबद्दल ते काही बोलले नव्हते. “समोर उभं राहूनच सांगेन,” ते म्हणाले.

शनिवारभर घर घासले गेले. आईने पडवी सारवली. माझ्याकडे बैठकीची खोली. काम करताना सोबत हवी म्हणून मी बाईंचा रेडिओ लावला आणि काटा मुंबईवर आणला. एक गाणे लागले, संथ, एकेका शब्दावर थांबून पुढे जाणारे, आणि मी त्या गाण्यात अशी गुंतले की हात आपला आपण चालत राहिला. मेज पुसले, पेटी पुसली, काच पुसली. गाणे संपले तेव्हा माझ्या हातात ओले फडके होते आणि त्यावर एक गुलाबी डाग.

काच स्वच्छ झाली होती. इतकी स्वच्छ मी ती कधीच पाहिली नव्हती.

मी काटा मागे नेला. रंगून आणि कोलंबो यांच्या मध्ये दोन बोटे जागा. तिथे जिकडे थांबावे तिकडे सळसळच होती. पण मी डोळे मिटून ऐकले तेव्हा ध्यानात आले, की दर केसागणिक ती निराळी आहे. इथे जाड, तिथे बारीक, इथे मागे कुणी शिट्टी घातल्यासारखी. वडिलांची कोणती, मला आठवेना. तीन वर्षे रोज ऐकूनही मी ती कधी ऐकलीच नव्हती. शेवटी देवघरातून आगकाडीच्या टोकावर कुंकू आणले आणि अंदाजाने ठिपका ठेवला. तो मोहरीएवढाच झाला. दिवेलागणीला वडील येऊन बसले, एकदा त्यांनी मान किंचित तिरकी केली, आणि म्हणाले, “उद्याच्या आनंदानं कान बधिर झालेत माझे.”

रविवारी बाई आल्या त्या मावशीच्या सोबतीने, वाळूच्या वाटेवरून चालत. “या, बाई, या. चिकूंवर पाय देऊ नका, नायतर भाऊ गाणं सोडून चिकूच्या नावानं रडेल,” मावशीने आल्या आल्या घराचा ताबा घेतला. बाई लहानखुऱ्या होत्या. त्यांना वेखंडाचा आणि धुतलेल्या लोकरीचा वास येत होता. आवाज उरला नव्हता. शब्द हवेवर टेकवल्यासारखे त्या बोलत आणि ऐकणाऱ्याला जवळ सरकावे लागे.

वडिलांनी न्यायमूर्ती दाखवले, पहिलवान दाखवला. पहिलवानाच्या झोपेची गोष्ट ऐकून त्या खांदे हलवत हसल्या. नटीच्या मुक्या पेटीवर त्यांनी तळवा ठेवला. मग वडिलांनी मोरांचे आच्छादन उचलले.

 बाईंनी वाकून पेटीच्या डाव्या कोपऱ्यावर बोट फिरवले. तिथे लाकूड चेपलेले होते.

“अडकित्ता सापडेना,” त्या म्हणाल्या, “म्हणून इथं वरवंट्यानं सुपारी फोडली होती मी. आई केवढी ओरडली होती.”

“म्हणजे आपलाच!” वडील म्हणाले.

“माझाच, भाऊ.”

तेवढ्यावर चहा आला असता तर किती बरे झाले असते. पण वडिलांना अजून मुख्य गोष्ट सांगायची होती. त्यांनी कळ फिरवली. रेडिओ तापला, तो वास आला, आणि सळसळ सुरू झाली. “बाई, काटा आपण सोडलात तिथंच आहे. तीन वर्षांत केसभरही हलू दिलेला नाही.” आणि आयुष्यात कधी शपथ न घेणाऱ्या त्या माणसाने, आनंदाच्या भरात, शेजारी उभ्या असलेल्या माझ्या डोक्यावर हात ठेवला. “माझ्या या लेकीची शपथ घेऊन सांगतो.”

तो हात मला अजून आठवतो. चिकूच्या चिकाने खरखरीत झालेला, गरम. त्याच्याखाली माझे डोके आधी बधिर झाले आणि मग जड. वडील खोटे बोलत नव्हते आणि शपथ खोटी होती. झुरून मरायची भीती मला वाटली, हे खरे. पण त्याहून जास्त असे वाटले, की ज्यांच्यापुढे त्यांना खरे असायचे होते त्यांच्यापुढेच मी त्यांना खोटे पाडते आहे, आणि त्यांना ते कळतही नाही.

“बाबा, शपथ नको,” मी म्हणाले. “मी हलवला काटा.”

हात डोक्यावरच राहिला.

“कधी?”

“रोजच. दुपारी. परत ठिपक्यावर ठेवत होते. पण काल काच पुसताना ठिपका गेला. हा मी ठेवलाय. अंदाजानं.”

आईने कपबश्यांचे तबक खाली ठेवले. मावशी, जी कधी गप्प बसत नसे, तिने तोंडावर हात घेतला. वडिलांनी आपला हात काढून घेतला आणि त्याच्याकडे पाहिले, जणू तो त्यांचा नव्हता. मग ते बाईंकडे वळले.

“क्षमा करा, बाई. आपण ठेवलेली जागा आमच्या हातून गेली. तो आपला तंबोरा होता, मला माहीत होतं, आणि मी…”

“कसला तंबोरा, भाऊ?” बाईंनी विचारले.

वडिलांनी सांगितले. स्वर लावण्याआधीची जागा, दिवेलागणीची पाच मिनिटे, जोडलेले हात. बाई ऐकत होत्या आणि त्यांचे बोट सुपारीच्या खळग्यात थांबले होते.

“तंबोरा नव्हता हो तो,” त्या म्हणाल्या. आम्ही सगळेच जवळ सरकलो. “गळा गेला आणि माझीच गाणी रेडिओवर लागायला लागली. ऐकवेना. लागलं की काटा ढकलायचा, जाईल तिथं. शेवटचा ढकलला तो तिथं राहिला असेल. मागं वळून बघितलं नाही मी.”

“आणि मी तिथं रोज हात जोडले,” वडील पुटपुटले.

“बसलात ना तुम्ही त्या जागेपाशी?” बाई म्हणाल्या. “मला तिथं बसवत नव्हतं.”

सळसळ चालू होती. मग त्या माझ्याकडे वळल्या. “तू कुठं न्यायचीस काटा?”

“मुंबईवर.”

“ने की मग. माझा रेडिओ आहे, मी सांगते आहे.”

मी वडिलांकडे पाहिले. ते मोरांच्या आच्छादनाची घडी घालत होते, चौपदरी, आठपदरी, आणखी घडी पडेना तरी. मी काटा फिरवला. मुंबईवर कुणी नवी मुलगी गात होती. आवाज कोवळा, जरा घाबरलेला, एका जागी घसरून पुन्हा वर चढणारा. बाईंनी डोळे मिटले. जिथे ती घसरली तिथे त्यांची भुवई हलली आणि जिथे ती सावरली तिथे त्यांचा हात शालीतून बाहेर येऊन हवेत उघडला.

“छान,” त्या म्हणाल्या. “धीट होईल पोरगी.”

मग चहा झाला. बाईंनी दोन चिकू खाल्ले आणि बिया पदराला पुसून मुठीत ठेवल्या. जाताना वडील म्हणाले, “रेडिओ मी उद्या बंगल्यावर पोचवतो. आपली वस्तू आहे.”

“नको, भाऊ. त्यालाही इथली हवा मानवलेली दिसते.” त्या हसल्या. मावशीने उन्हासाठी छत्री उघडली आणि दोघी वाळूवरून निघून गेल्या. मावशीचा आवाज बराच वेळ येत राहिला, बाईंचा अर्थातच नाही.

 पायांत वहाणा न घालता वडील वाडीत गेले. मी दाराच्या उंबऱ्यावर बसले आणि डोक्यावर हात फिरवून पाहू लागले. केस गरम लागत होते.  पहिलीतल्या पोरांचे सगळे खरे असणार, असे मला वाटू लागले.

आई वाडीच्या कुंपणाशी गेली. मला ऐकू आले. “अहो, पोर घाबरलीय. सुटली म्हणा तेवढं.”

“तिची चूक असती तर म्हटलं असतं लगेच,” वडिलांचा आवाज झाडांतून आला. “खोटी शपथ मी घेतली. न बघता घेतली. एका शब्दानं कशी सुटेल?”

“तिला वाटतं सुटते.”

 मग पाने तुडवल्याचा आवाज आला, झाडाच्या एका बुंध्यापासून दुसऱ्या बुंध्यापर्यंत आणि परत.

सूर्य समुद्रात गेला. आईने देवापाशी दिवा लावला. वडील आत आले, हातपाय धुतले आणि रोजच्या वेळी रोजच्या जागी, बाईंच्या रेडिओपुढे येऊन बसले. मी दाराआड उभी होते. त्यांनी हात जोडले नाहीत. धोतराचा सोगा तोंडाच्या वाफेने ओला केला आणि काचेवरचा माझा ठिपका पुसून टाकला. मग खुंटीवर बोटे ठेवून, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, त्यांनी स्वतः काटा फिरवला. त्यांना ते जमत नव्हते. काटा शहरांवरून भरकन पुढे गेला, मागे आला. कुठून बातम्यांचा एक तुकडा, कुठून सनईची फुंकर, कुठून कळत नसलेल्या भाषेतले कुणाचे तरी हसणे. मी नकळत पुढे झाले आणि त्यांच्या बोटांवर बोटे ठेवून हळू कसे फिरवायचे ते दाखवले.

त्यांनी दुसरा हात उचलला. ओला सोगा अजून त्यात होता. तो हात त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवला, बराच वेळ ठेवला, आणि मोठा माणूस लहान पोरांचा शब्द उच्चारताना जसा संकोचतो तसे संकोचून, अगदी हळू म्हणाले,

“सुटली.”